हातचा

आई गेल्यावर डबा माझ्याकडे आला.
बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणावर घोडागाडी,
बर्फ पडतोय, आणि गाडीतले सगळे हसताहेत.
आत बटणं.
बटणांच्या तळाशी वही.

लीड्स, एकोणीसशे एकसष्ट.
वीस नावं, वीस शुक्रवार, प्रत्येकी एक पौंड.
नेव्हिसची माणसं याला म्हणत बॉक्स,
आणि ज्याची पाळी लागे त्याला मिळे 'हात'.
बँकेने आमच्यातल्या कुणाला दारात उभं केलं नव्हतं.
म्हणून ही बँक: मागच्या खोलीतलं टेबल,
रॉकेलची शेगडी, तिचा धूर,
आणि मॅनेजर अलरिका लिबर्ड, वय एकतीस.
बेटावर ती नवरदेवांचे कोट बेतायची.
इथे कारखान्यात फक्त काजं.
काजांभोवती कोट असतो
हे तिला शनिवारी दुकानाच्या काचेतून दिसे.

मिस्टर क्लॅक्सटन बसगाड्या धुवायचे,
सुटे शिलिंग आणायचे, ओल्या हातांनी मोजून.
व्हर्ना हगिन्सच्या नोटेला
इस्पितळातल्या फिनेलचा वास.
ऑस्विन निस्बेट ओतशाळेत. नोट ठेवायचा, टोपी उचलायचा, जायचा.
आई बेरीज मांडायची:
वीस शिलिंग झाले, खाली शून्य, हातचा एक.

खोली विचारायला गेलं की
'आत्ताच गेली हो' म्हणायच्या घरमालकिणी.
खिडकीतली पाटी मात्र
पुढच्या सोमवारीही जागची हलायची नाही.
मग ठरलं, विकतच घ्यायचं.
ओल आलेलं, जिना कुरकुरणारं,
कुणालाच नको असलेलं घर. पण किल्ली आपली.
त्या वहीतून अशी चार घरं उभी राहिली,
एकाच रस्त्यावर तीन.

आणि सातव्या शुक्रवारी आईचा हात.
त्यातून बोटीचं तिकीट. माझं.
मी आठ वर्षांची, जिंजरलंडला मावशीकडे.
पत्रात लिहिलं होतं: ऑगस्ट.
मी वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं.
पाटी दिली वाटून, पेन्सिली दिल्या,
शेळी दिली शेजारच्या एल्फ्रेडाला.
ऑगस्ट आला. डोंगरावरचा ढग रोजच्यासारखा
डोंगरावर बसून राहिला.
शेळी काही कुणी परत दिली नाही.

आज वहीत पाहते आहे.
सातव्या ओळीवर 'अलरिका' खोडलेलं.
वर ऑस्विन निस्बेट.
समासात तीन शब्द: त्याचा भाऊ. पेटी.
आणि अलरिका अगदी खाली,
विसाव्या ओळीवर.

तेरा शुक्रवार, आई.
तू मला विचारलं नाहीस.
मेलेला माणूस वाट पाहू शकत नाही
आणि आठ वर्षांची मुलगी शकते,
हा हिशेब तू एका रात्रीत केलास?
की शेगडी विझेपर्यंत बसून होतीस?

नोव्हेंबरात स्टेशनवर माझी बॅग उचलायला
ऑस्विनच आला होता. बोलला नाही.
स्वतःचा मफलर काढून
माझ्या गळ्याभोवती तीन वेढे घातले.
जळक्या लोखंडाचा वास होता त्याला.
मला तो आवडला नाही, आणि त्याला ते कळलं.
तू शेजारी उभी. मी तुला ओळखलं ते कोटावरून,
फोटोतल्या.

मास्तर सांगायचे, हातचा विसरू नये म्हणून
रकान्याच्या डोक्यावर बारीक लिहावा.
सातव्या शुक्रवारपासून विसाव्यापर्यंत
तुझ्या प्रत्येक बेरजेच्या डोक्यावर
पेन्सिलीने एक बारीक एक आहे.
वीसही जणांनी पुरत्या नोटा दिल्या,
हातचा यायचं कारणच नव्हतं, त्या शुक्रवारीसुद्धा.

चूक असेल म्हणावं, तर तू हिशेबात चुकत नसायचीस.
चष्मा पुसून मी पुन्हा मांडते.
दर वेळी एक जास्त येतो.